जयंतीनंतरचे दिवस

चौदा एप्रिल जवळ आला की आमच्या भागातल्या गावांना वेगळीच जाग येते. आठ दिवस आधीपासून गल्लीत निळ्या पताका लागतात. कमान उभी राहते. पावतीपुस्तक घेऊन पोरे वर्गणीला निघतात. तेरा तारखेच्या रात्री बाराच्या ठोक्याला फटाके वाजतात, सकाळी प्रतिमेला हार पडतो, वंदना होते, दुपारी जेवण आणि संध्याकाळी मिरवणूक. पंधरा तारखेला मांडववाला येऊन कमान सोडतो. सोळाला झेंडूची सुकलेली फुले कोणीतरी झाडून कडेला लोटते आणि गाव आपल्या कामाला लागते.

हे मी टीकेच्या सुरात लिहीत नाही. ज्या रस्त्यावरून ज्यांच्या आजोबा-पणजोबांना ताठ मानेने चालता आले नाही, त्याच रस्त्यावरून त्यांनी वर्षातून एक दिवस वाजतगाजत जावे, यात केवढा अर्थ आहे हे समजायला फार विद्वत्ता लागत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे, आणि तो मास्तरकीच्या सवयीतून आलेला आहे. वर्गात एखादा धडा शिकवून झाला की आम्ही विचारतो, बरे, आता स्वाध्याय कोणता? तसेच जयंतीचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्याचा धडा आपण दरवर्षी मोठ्याने वाचतो. त्याचा स्वाध्याय कोणता, आणि तो कोणी करायचा?

मी निपाणीपासून बसने अर्ध्या तासावर असलेल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलचा मुख्याध्यापक आहे. शाळेत येणारी निम्मी-अधिक मुले शेतमजुरांची, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्यांची आणि विड्या वळणाऱ्या बायांची. मांडीवर सूप घेऊन आई विड्या वळते आहे आणि तिच्याच शेजारी, त्याच दिव्याखाली, मुलगी गणिते सोडवते आहे, हे चित्र आमच्याकडे नवलाचे नाही. अशा मुलांना बाबासाहेबांची गोष्ट सांगताना ती गोष्ट फार लांबची वाटत नाही.

७ नोव्हेंबर १९०० या दिवशी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भिवा रामजी आंबेडकर या नावाने एका मुलाची नोंद झाली. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळायला सुरुवात केली. त्या मुलाला बसायला घरून गोणपाट न्यावे लागे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान तशीच. बाबासाहेबांनी पुढे स्वतःच हे लिहून ठेवले आहे. आठवीच्या वर्गात मी हे सांगतो तेव्हा मुले मागे वळून आपल्या शाळेच्या नळाकडे पाहतात.

पुढची वाटचाल बहुतेकांना पाठ आहे. १९०७ साली मॅट्रिक, त्या यशाबद्दल केळुसकर गुरुजींनी भेट दिलेले, त्यांनीच लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती, १९१३ मध्ये न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, तेथून लंडन. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. वेगळ्या बोटीने पाठवलेली पुस्तके महायुद्धात बोटीबरोबर समुद्राच्या तळाशी गेली. नोकरीसाठी बडोद्याला गेले तर राहायला जागा मिळेना; पारशी धर्मशाळेतून लोकांनी लाठ्या घेऊन बाहेर काढले. कोलंबियाची एम.ए. पदवी मिळवलेला माणूस, आणि गावात पाठ टेकायला जागा नाही! तरीही १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, आणि १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊनच परत आले; डी.एस्सी.ही त्याच वर्षी मिळाली.

आपण ही गोष्ट येथे थांबवतो. 'बघा, किती शिकले!' असे म्हणतो आणि मुलांना म्हणतो, तुम्हीही असेच शिका. मला मात्र या गोष्टीचा खरा आरंभ येथून पुढे आहे असे वाटते. इतके शिकून आल्यावर या माणसाने पहिल्यांदा काय केले? २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. त्या सभेचे उद्देश शिक्षकाच्या नजरेने वाचावेत असे आहेत. वसतिगृहे काढणे, वाचनालये काढणे, अभ्यासवर्ग चालवणे ही कामे तेथे अगदी वर आहेत. १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला सभेचे वसतिगृह सुरूही झाले.

आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये बाबासाहेब आपल्या निपाणीला आले. चारच महिने आधी, डिसेंबर १९२४ मध्ये, बेळगावात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन झाले होते. त्याची आठवण या जिल्ह्यात घरोघर आहे. निपाणीला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या मुंबई प्रांतातल्या बहिष्कृतांच्या परिषदेची आठवण मात्र कित्येक वर्षे काही गल्ल्यांपुरतीच राहिली. २०२५ मध्ये त्या परिषदेला शंभर वर्षे झाली तेव्हा कोठे अनेकांना ती नव्याने कळली. पुढे धारवाडला विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले. बाबासाहेबांचे सहकारी बळवंतराव वराळे यांनी ते सांभाळले. आपला सगळा मुलूख तेव्हा मुंबई इलाख्यात होता. मराठी आणि कन्नड बोलणारी मुले अशा वसतिगृहांच्या आधाराने शिकली. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादला महाविद्यालय. सिद्धार्थचे वर्ग सकाळच्या वेळात भरत, म्हणजे नोकरी करणाऱ्या गरीब मुलालाही शिकता यावे. स्वतः शिकून वर चढलेल्या माणसाने आयुष्यभर मागे वळून शिड्याच बांधल्या आहेत.

मी मराठीचा एम.ए. असल्याने एका शब्दापाशी नेहमी अडतो. कमानीवर आपण लिहितो, 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा.' बाबासाहेबांनी इंग्रजीत जी तीन क्रियापदे वापरली त्यांतले पहिले 'एज्युकेट' हे आहे. त्याचा सरळ अर्थ 'शिका' असा होत नाही, 'शिकवा' असा होतो. 'शिकवणे' हे 'शिकणे' या क्रियापदाचे प्रयोजक रूप, हे नववीच्या व्याकरणात येते. क्रियापद प्रयोजक झाले की वाक्यात आणखी एक माणूस येतो. 'मी शिकतो' यात मी एकटा. 'मी शिकवतो' म्हटले की समोर दुसरा कोणीतरी आहे. 'शिका' ही घोषणाही मोलाचीच आहे. तिने लाखो घरांत पहिली पाटी आणली. पण तिच्या पोटात दडलेला तो दुसरा माणूस आपण विसरता कामा नये.

आता या गोष्टीशी आपला, म्हणजे सीमाभागातल्या सगळ्याच मराठी घरांचा, काय संबंध आहे ते सांगतो. कारण 'तो त्यांचा कार्यक्रम' असे म्हणून बाजूला बसणारे आपल्यात पुष्कळ आहेत. शिकलेले आहेत, सज्जन आहेत, पण चौदा एप्रिल आला की दाराच्या आतून मिरवणूक पाहतात.

घटना समितीत ८ डिसेंबर १९४८ रोजी एका कलमावर चर्चा चालू होती. अल्पसंख्याकांची भाषा, लिपी, संस्कृती आणि शिक्षणसंस्था यांच्या रक्षणाचे ते कलम. आज आपण त्याला २९ आणि ३० या क्रमांकांनी ओळखतो. अल्पसंख्य म्हणजे केवळ धर्माने वेगळे असलेले लोक नव्हेत, हे समजावताना बाबासाहेबांनी उदाहरण कोणाचे द्यावे? मद्रासकडून मुंबईत येऊन राहिलेल्या लोकांचे, आणि महाराष्ट्रातून बंगालात जाऊन राहिलेल्या मराठी माणसांचे! एरवीच्या अर्थाने ही माणसे अल्पसंख्य नसतील, पण भाषेने आणि संस्कृतीने ती तेथे अल्पसंख्य ठरतात आणि त्यांना हे संरक्षण मिळाले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यांच्या डोळ्यांसमोर त्या दिवशी निपाणी-बेळगाव नव्हते. तेव्हा आपण मुंबई प्रांतातच होतो. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला भाग म्हैसूर राज्यात गेला, आणि महिनाभराने, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. पण त्या कलमांची सावली तोवर आपल्यावर धरली गेली होती. सीमाभागातली, हैदराबादची, बडोद्याची, इंदूर-ग्वाल्हेरची मराठी शाळा आपली भाषा हा आपला हक्क आहे असे म्हणते, तेव्हा ती ज्या जमिनीवर उभी असते तिची आखणी करणाऱ्यांत हा माणूस होता. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्यासंबंधीचे ३५०-अ हे कलम त्यानंतरचे, १९५६ च्या सातव्या दुरुस्तीचे. पण वाट आधी पडली होती. मग जयंती 'त्यांची' कशी? आमच्या शाळेच्या दारावरची मराठी पाटी जोवर टिकून आहे तोवर ती आमचीही आहे.

अर्थात कागदावर हक्क असणे निराळे आणि तो हातात असणे निराळे. हेही बाबासाहेबांच्याच चरित्रात आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ मध्ये संमत झाला होता. महाडच्या नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचा ठरावही केला होता. तरी चवदार तळ्याचे पाणी कोणी प्यायले नव्हते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तळ्यापर्यंत चालत गेले आणि ओंजळ भरली, तेव्हा कोठे तो ठराव कागदावरून खाली उतरला. ठरावापासून ओंजळीपर्यंतची वाट कोणालातरी चालावी लागते. आजची ती वाट कोणती, याचा शोध घेता घेता आमच्या गावात दोन लहान कामे उभी राहिली. त्यांची हकीकत सांगण्यासाठीच हा लेख.

पहिले काम अभ्यासिकेचे. कोरोनाच्या काळात शाळा बंद राहिल्या आणि मुलांची बैठक मोडली. २०२२ साली दहावीच्या वर्गात एक्केचाळीस मुले होती. त्यांतल्या निम्म्या मुलांना घरी अभ्यासाला जागा नव्हती. एक खोली, त्यात चार-पाच माणसे, टीव्ही, विड्यांची सुपे. शाळेची इमारत वापरावी तर संध्याकाळनंतर राखणदार नाही आणि दोन वर्गांच्या दिव्यांच्या तारा गेलेल्या. गावात रात्री उजेड असलेली, पंखा असलेली आणि रिकामी अशी एकच जागा होती. ती म्हणजे त्या गल्लीतले बाबासाहेबांच्या नावाचे समाजमंदिर. किल्ली एका निवृत्त कंडक्टरकडे. मी विचारले तर ते म्हणाले, "सर, ह्यात विचारायचं काय? बाबासाहेबांच्या नावाच्या खोलीत पोरं अभ्यास करणार, ह्याच्यापरास चांगलं काय असतंय?" सहा डिसेंबरच्या संध्याकाळी अभ्यासिका सुरू केली.

पहिल्या दिवशी नऊ मुले आली. सात त्याच गल्लीतली, दोन शेजारच्या. बाकीच्यांना मी वर्गात विचारले तर एकच उत्तर मिळाले, "लांब पडतंय सर." शाळेच्या फाटकापासून समाजमंदिर चारशे पावलांवर आहे. त्याच मुलांतली कित्येक क्रिकेट खेळायला दोन किलोमीटरवरच्या माळावर जातात. आमच्या गावात 'लांब' या शब्दाला दोन अर्थ आहेत, आणि दुसरा अर्थ शब्दकोशात सापडत नाही. मी वाद घातला नाही. घरी जाऊन कोणाची समजूतही काढली नाही. अभ्यासिका सात ते साडेनऊ रोज नेमाने चालू ठेवली. त्या गल्लीतली बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी आठवड्यातून चार दिवस गणित शिकवायला येऊ लागली.

जानेवारीत संक्रांतीनंतर एका संध्याकाळी दारात एक बाई उभ्या राहिल्या. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या, बऱ्यापैकी शेती असलेल्या घरातल्या. बरोबर मुलगी. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, "सर, हिला गणित जमंना झालंय. आमच्यात सांगाय येणारं कोण न्हाई. हितं ती पोरगी चांगलं शिकवती म्हणं." मी म्हटले, "ताई, आत या की." त्या आत आल्या, क्षणभर भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहिले, मुलीला सतरंजीवर बसवले आणि म्हणाल्या, "साडेनऊला न्यायला येतो." आमच्याकडे बायकाही 'येतो' म्हणतात. दुसऱ्या आठवड्यात त्या मुलीच्या दोन मैत्रिणी आल्या. मग त्यांच्या गल्लीतली मुले. परीक्षेच्या आधी एक्केचाळिसांतली तेवीस मुले रोज येत होती.

अठरा आली नाहीत, हेही लिहिले पाहिजे. काहींना खरोखरच गरज नव्हती, आणि काहींना ते चारशे पावलांचे अंतर शेवटपर्यंत तोडता आले नाही. पुढच्या वर्षी त्यांच्या पाठची भावंडे आली. निकालाचे आकडे मी देत नाही. तीन महिने अभ्यासाला उजेड मिळाला म्हणून गणिताचा डोंगर भुईसपाट होत नसतो. एक गोष्ट मात्र नोंदवतो. कोपऱ्यात पाण्याचा माठ होता, त्यावर झाकणी आणि एक पेला. दुसऱ्या गल्ल्यांतली मुले सुरुवातीला बाटल्या घेऊन येत. फेब्रुवारीत ऊन वाढले, बाटल्या आठ वाजताच संपू लागल्या, आणि मुले माठाकडे जाऊ लागली. कोणी ठराव केला नाही, भाषण केले नाही. मार्चमध्ये माठ दोनदा भरावा लागू लागला, तेव्हा मुलांनी आपापसात पाळ्या लावून घेतल्या.

दुसरे काम याच उजेडातून निघाले. एका रात्री गल्लीतल्या एक आजी कागद घेऊन आल्या. दिवा दिसला, शिकलेली पोरे दिसली, म्हणून आल्या. "बघ गं बाई, काय लिवलंय ह्यात?" कागद कन्नडात होता. आजींची बोली मराठी. शाळेची पायरी त्या कधी चढल्या नव्हत्या. पाच महिन्यांपासून त्यांचे वृद्धाप्याचे पैसे बंद होते आणि का बंद झाले हे त्यांना कोणी समजेल असे सांगितले नव्हते. नववीतल्या एका मुलीने कागद वाचला. बँकेच्या पुस्तकात आजींच्या नावापुढे 'बाई' होते आणि आधार कार्डावर त्याच नावापुढे 'व्वा'. दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत याचा पुरावा मागितला होता. दुभाषी मुलखात जन्मलेल्या माणसाला एकाच जन्मात दोन नावे मिळतात, हे आपल्याला ठाऊक आहे. यंत्राला ते ठाऊक नसते.

मुलीने मराठीतून समजावले, आणि कन्नडातून अर्ज लिहिला. मी सही-शिक्क्याचे तेवढे पाहिले. आजी दोनदा नाडकचेरीला जाऊन आल्या. दीड महिन्याने पैसे पुन्हा सुरू झाले. त्या दिवशी त्यांनी त्या मुलीच्या हातावर खडीसाखरेचा पुडा ठेवला आणि म्हणाल्या, "माझं नाव मला परत दिलंस बघ."

हा प्रसंग गावभर झाला. मग रविवारी सकाळी नऊ ते अकरा समाजमंदिराच्या कट्ट्यावर नववीची चार-पाच मुले वही-पेन घेऊन बसू लागली. उतारा, रेशन कार्ड, जातीचा दाखला, बँकेची चिठ्ठी, दवाखान्याची केसपेपरावरची सूचना, जे येईल ते वाचून मराठीत सांगायचे आणि लागेल तो अर्ज लिहून द्यायचा. पैसे घ्यायचे नाहीत. कोणाच्या घरची गोष्ट कट्ट्याबाहेर न्यायची नाही. न समजलेले समजल्यासारखे करायचे नाही. अडले तर आमच्या कन्नडच्या बाईंना विचारायचे. हे तीन नियम मुलांनीच एका पुठ्ठ्यावर लिहून टांगले आहेत. आमच्या कन्नडच्या बाईंची मातृभाषा कन्नड, गाव गोकाककडचे. रविवारची सुट्टी मोडून त्या महिन्यातून दोनदा तरी येतात. त्यांना मी एकदा आभार मानले तर म्हणाल्या, "सर, व्याकरण शिकवून जे होत नाही ते ह्या अर्जांनी होतंय. मुलं आता कन्नड मार्कांसाठी शिकत नाहीत."

यावर आक्षेप आले नाहीत असे नाही. पहिला आक्षेप आमच्याच एका जुन्या कार्यकर्त्यांचा. सीमाप्रश्नासाठी ज्यांनी तुरुंग पाहिला अशा माणसाच्या शब्दाला मी हलके समजत नाही. ते म्हणाले, "सर, कन्नडातले कागद तुम्हीच वाचून द्यायला लागलात, तर मराठीत कागद द्या ही मागणी करायची कोणी?" मी म्हटले, "दादा, मागणी करायचीच. तिचाही अर्ज हीच मुले लिहितील, मराठीत आणि कन्नडात दोन्हीकडून. पण मागणी मान्य होईपर्यंत आजींनी औषधाविना राहावे असे तुम्हाला वाटत नाही, हे मला माहीत आहे." ते थोडा वेळ बोलले नाहीत. पुढच्या रविवारी स्वतःच्या जमिनीचा उतारा घेऊन कट्ट्यावर आले. मत त्यांनी बदललेले नाही. भेटले की अजूनही तोच प्रश्न विचारतात, आणि तो त्यांनी विचारत राहावा असे मला वाटते.

दुसरा आक्षेप काही पालकांचा : शाळेने एका समाजाच्या जागेत जाऊ नये. त्यांना मी ८ डिसेंबर १९४८ ची ती चर्चा सांगितली. काहींना पटली, काहींनी मान डोलावून विषय बदलला.

तिसरा आक्षेप त्या गल्लीतल्या तरुणांचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. "सर, तुमचं बरोबर आहे. पण शिका, सेवा करा असं सांगता सांगता लोक बाबासाहेबांना नुसतं गोड करून टाकतात. ते भांडले होते, हे कोण सांगणार?" या प्रश्नाला मास्तरांनी बगल देऊ नये. बाबासाहेबांनी हक्क मागितले, उपकार नव्हेत. अस्पृश्यता नष्ट करणारे १७ वे कलम, १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, हे सर्व भांडून मिळाले आहे. सेवा हा त्या भांडणाला पर्याय नव्हे. कट्ट्यावर बसलेली मुलगी आजींवर दया करत नसते. आजींच्या हक्काचे आजींना मिळवून देत असते. आणि कागद वाचायला लागलेल्या मुलाला लवकरच कळते की काही कागद नुसते वाचून भागत नाही, त्यांना उत्तर द्यावे लागते. ती मुले पुढे भांडतील. वाचून भांडतील, एवढेच आमचे काम.

त्या तरुणांनीच मग एक गोष्ट केली. मिरवणूक बंद करा असे मी कधीच म्हटले नव्हते, आणि ती बंद झालीही नाही. पण जयंतीच्या वर्गणीतला काही भाग त्यांनी अभ्यासिकेच्या दिव्यांसाठी आणि सराव प्रश्नपत्रिकांसाठी बाजूला काढायला सुरुवात केली. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी जयंतीनिमित्त सलग अठरा तास अभ्यासाला बसण्याचा प्रघात आहे. चैत्यभूमीवर आणि इतरत्र हार-फुलांऐवजी वही आणि पेन आणा असे सांगणारे लोकही गेल्या काही वर्षांत पुढे आले आहेत. आमच्याकडे चौदा एप्रिलला दहावीची परीक्षा संपलेली असते आणि सुट्टी लागलेली असते, म्हणून आम्ही त्या दिवशी लहान मुलांना घेऊन बसतो. सकाळी वंदना झाली की दोन तास मोठी मुले पहिली-दुसरीच्या मुलांना गोष्टीची पुस्तके वाचून दाखवतात. एक गोष्ट मराठीत, एक कन्नडात. संध्याकाळच्या मिरवणुकीत हीच मुले पुढे असतात.

परगावच्या मराठी वाचकांना माझी एवढीच विनंती आहे. तुम्ही हैदराबादेत असा, बडोद्यात असा की गोव्यात, तुमच्या गावातही एक बंद खोली असेल आणि तिची किल्ली कोणातरी भल्या माणसाकडे असेल. तुमच्याकडेही स्थानिक भाषेतला कागद हातात धरून उभी असलेली एखादी आजी असेल, आणि ती भाषा शाळेत शिकलेले एखादे मूल तुमच्या घरातच असेल. त्या तिघांची गाठ घालून द्यायला फार पैसा लागत नाही. आमच्या अभ्यासिकेचा महिन्याचा खर्च म्हणजे विजेचे बिल आणि खडूचा एक डबा.

यंदाची अभ्यासिका सहा डिसेंबरला सुरू होईल. कंडक्टरदादांनी दिवाळीआधीच समाजमंदिराला चुना लावून घेतला आहे. गणित शिकवणाऱ्या मुलीचे बी.एस्सी. पूर्ण झाले, ती आता धारवाडला एम.एस्सी. करते, तिच्या जागी गणिताला कोण, याची चौकशी चालू आहे. विज्ञानाला दोघे तयार आहेत. नवा माठ मात्र घ्यावा लागेल, जुना झिरपू लागला आहे.